भाग ४७ : तीन टीव्ही, एक कॉम्प्युटर. स्वस्त आणि शांत मशीन कसं निवडायचं?



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलेला आहे. प्रश्न साधारण असा असतो : "ताई, घरात दोन-तीन टीव्ही आहेत. घरचे व्हिडिओ, फोटो, घेतलेले सिनेमे असं सगळं एका जागी ठेवायचंय आणि कुठल्याही टीव्हीवर बघायचंय. कॉम्प्युटर कुठला घेऊ? बजेट कमी आहे आणि घरघर करणारा नकोय."

आता यात दोन अटी आहेत. स्वस्त हवा आणि शांत हवा. आपल्याला वाटतं की या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. स्वस्तातलं मशीन आवाज करणार आणि शांत मशीन महाग असणार. दुकानातसुद्धा तसंच सांगतात. पण मला आज उलटं सांगायचंय. या कामात स्वस्त आणि शांत या दोन्ही गोष्टी एकाच मार्गाने मिळतात. तो मार्ग म्हणजे मशीनला काम कमी द्यायचं. काम कमी असेल तर साधं मशीन पुरतं, ते तापत नाही आणि तापलं नाही की पंखा ओरडत नाही. एवढंच गणित आहे. बाकीचा सगळा भाग म्हणजे हे काम कमी कसं करायचं, याचीच चर्चा.

उदाहरण म्हणून सांगलीचं माझ्या आत्याचं घर घेऊ, कारण तिथली मांडणी मी आणि आमच्या दादाने मिळून केली आहे. गावभागात जुनं दुमजली घर आहे. टीव्ही तीन. खाली पुढच्या खोलीत एक जुना एलसीडी. तो स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे. मधल्या खोलीत काकांचा अँड्रॉइड टीव्ही. वरच्या मजल्यावर दादा-वहिनींच्या खोलीत आणखी एक स्मार्ट टीव्ही. पुढच्या खोलीत आजी झोपतात. वय ८४. झोप मुळातच सावध. त्यामुळे "रात्री डब्याचा आवाज आला तर तो डबा मी रस्त्यावर ठेवीन," असं आत्याने आधीच जाहीर केलेलं.

आणि या घराला असा कॉम्प्युटर नुसत्या सिनेमांसाठी नको होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत किती आत आलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. खालच्या मजल्यावरच्या कपाटातले अल्बम आणि व्हिडिओ कॅसेट सगळं गेलं. माळ्यावर ठेवलेल्या दोन कॅसेट तेवढ्या वाचल्या. त्यातल्या एकीत दादाची मुंज आहे आणि त्यात आजोबा बोलताना दिसतात. घरात त्यांचा आवाज फक्त तेवढाच उरलाय, साधारण चार मिनिटं. म्हणजे मशीन स्वस्त हवं, शांत हवं, आणि शिवाय ही चार मिनिटं पुन्हा जाता कामा नयेत. ही तिसरी अट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे येऊ.

चला, पहिला निर्णय. एकापेक्षा जास्त टीव्ही असतील तर तीन पद्धती आहेत.

पहिली, एकच दणकट कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्यातून प्रत्येक टीव्हीपर्यंत एचडीएमआय वायर न्यायची. ऐकायला सोपं आहे. पण साधी एचडीएमआय वायर सात-आठ मीटरच्या पुढे गेली की ४के चित्राचा भरवसा राहत नाही. स्प्लिटर लावला तर तिन्ही टीव्हींवर एकच चित्र दिसतं. म्हणजे काका बातम्या बघणार आणि वहिनी पण बातम्याच बघणार! वेगवेगळं दाखवायचं तर कॉम्प्युटरवर वेगवेगळे स्क्रीन, वेगवेगळे आवाज आणि वेगवेगळे रिमोट सांभाळायचे. हे घरातल्या मोठ्या माणसांना जमणारं नाही, आणि खरं सांगू का, आपल्यालाही नाही.

दुसरी, प्रत्येक टीव्हीमागे एक कॉम्प्युटर. तिप्पट खर्च, तीन पंखे, तीन जागी अपडेट. शिवाय बहुतेक पीसींना एचडीएमआय-सीईसी नसतं, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने ते चालत नाहीत. वेगळा कीबोर्ड नाहीतर रिमोट घ्यावा लागतो.

तिसरी, आणि माझी शिफारस याच पद्धतीची आहे. घरात एकच छोटा कॉम्प्युटर ठेवायचा, पण तो कुठल्याच टीव्हीला जोडायचा नाही. तो राउटरला जोडायचा. त्याचं काम फक्त फाइली सांभाळणं आणि मागेल त्याला देणं. टीव्हीवर एक अ‍ॅप टाकायचं. ज्या टीव्हीवर अ‍ॅप चालत नाही त्याला एक स्टिक लावायची. चित्र उलगडून दाखवण्याचं काम टीव्हीतली नाहीतर स्टिकमधली चिप करते. कॉम्प्युटर आपला गोदामाच्या रखवालदारासारखा बसून असतो.

याचे दोन फायदे लगेच दिसतात. एक, कॉम्प्युटर टीव्हीजवळ असण्याची गरजच संपली. तो दुसऱ्या खोलीत, जिन्याजवळ, कुठेही ठेवता येतो. दोन, त्याचं काम इतकं हलकं झालं की महागडं मशीन लागतच नाही.

किती हलकं? हिशोब करू. चांगल्या दर्जाच्या १०८०पी फाइलला सेकंदाला सरासरी १० ते २० मेगाबिट लागतात असं धरा. तीन टीव्ही एकाच वेळी चालू असले तरी झाले ६० मेगाबिट. साध्या गीगाबिट नेटवर्कची ताकद आहे १,०००. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा वापरला जात नाही. एवढं काम दहा वर्षांपूर्वीचं मशीनही हसत करतं.

मग अडचण कुठे येते? इथे एक शब्द शिकून घ्या, ट्रान्सकोडिंग. फाइल ज्या पद्धतीने साठवलेली आहे ती टीव्हीला कळत असेल तर ती जशीच्या तशी जाते. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. पण टीव्हीला ती पद्धत कळत नसेल, तर कॉम्प्युटरला बसल्या जागी अख्खा व्हिडिओ उलगडून दुसऱ्या पद्धतीत पुन्हा बांधावा लागतो, तेही चालू असताना. हे म्हणजे ट्रान्सकोडिंग. इथे मशीन तापतं, पंखा पळायला लागतो आणि आजी जाग्या होतात.

ट्रान्सकोडिंग होण्याची नेहमीची कारणं तीन. फोनवर शूट केलेला एचईव्हीसी व्हिडिओ, जो जुन्या टीव्हीला समजत नाही. चित्राच्या स्वरूपातली सबटायटल्स, जी ब्ल्यू-रे डिस्कवरून येतात आणि बऱ्याच वेळा चित्रावर छापूनच पाठवावी लागतात. आणि वाय-फाय कमजोर असल्यामुळे अ‍ॅपने आपणहून कमी दर्जा मागणं.

उपाय पण तीनच. जुन्या टीव्हीला नवी स्टिक लावा, म्हणजे तिला एचईव्हीसी कळतं. सबटायटल्स साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये घरातल्या नेटवर्कसाठी क्वालिटी 'ऑटो' न ठेवता सगळ्यात वरची निवडा. एवढं केलं की दहापैकी नऊ वेळा ट्रान्सकोडिंगची वेळच येत नाही.

राहिलेल्या एका वेळेसाठी काय? तर त्यासाठी प्रोसेसरमध्ये व्हिडिओचं वेगळं सर्किट असायला हवं. इंटेलच्या चिपमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात आणि ते २०११ पासून आहे. पण खरेदी करताना सातव्या पिढीच्या खाली जाऊ नका, कारण १०-बिट एचईव्हीसी तिथपासून नीट मिळतं. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुन्हा सांगते, या कामासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आत्याच्या घरासाठी एका दुकानाने ९२,००० रुपयांचं कोटेशन दिलं होतं. त्यात मोठी कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिवे लागलेले पाच पंखे होते. ते मशीन वाईट नव्हतं, ते गेमिंगचं मशीन होतं. आपल्याला लागतो रखवालदार, आणि तिथे उभा केला होता पैलवान.

मग पर्याय कुठले?

एक, नवा मिनी पीसी, इंटेल एन१०० चिपचा. ही चिप २०२३ च्या सुरुवातीला आली. चार कोअर, आणि वीज फक्त ६ वॉटच्या हिशोबाची. एचईव्हीसी तर उलगडतेच, शिवाय एव्ही-१ ही नवी पद्धतसुद्धा. हाताच्या पंजाएवढा डबा. नवीन हवा असेल आणि वॉरंटी हवी असेल तर हा चांगला.

दोन, वापरलेला ऑफिस पीसी. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली मशीनं बदलतात आणि ती रिफर्बिश्ड होऊन बाजारात येतात. त्यातले छोटे प्रकार शोधा. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला आणि ऑनलाइनही मिळतात. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'टी' अक्षर बघा. उदाहरणार्थ आय-५ ८५००टी. 'टी' म्हणजे कमी विजेचा, ३५ वॉटच्या हिशोबाचा. या आठव्या पिढीला एव्ही-१ येत नाही, पण डायरेक्ट प्लेमध्ये ते काम टीव्हीची चिप करते, त्यामुळे अडत नाही.

तीन, रास्पबेरी पाय. मला पाय खूप आवडतो आणि एका टीव्हीमागे बसवायला तो मस्त आहे, त्याला सीईसी पण येतं. पण तीन टीव्हींच्या सर्व्हरसाठी मी तो सुचवणार नाही. पाय ५ मध्ये व्हिडिओ पुन्हा बांधणारं सर्किटच नाही. आणि बोर्ड, अ‍ॅडॉप्टर, केस, एसएसडी असं सगळं मिळवून बिल केलं की ते मिनी पीसीच्या जवळ जाऊन पोचतं.

चार, घरातला जुना डेस्कटॉप. फुकट आहे म्हणून मोह होतो. पण विजेचं बिल बघा. हे मशीन २४ तास चालू राहणार. जुना डेस्कटॉप नुसता बसून ५० वॉट खात असेल तर वर्षाला ४३८ युनिट होतात. मिनी पीसी १० वॉट खात असेल तर साधारण ८८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ४,३८० रुपये आणि ८८० रुपये. म्हणजे फरक वर्षाला ३,५०० चा. तीन-चार वर्षांत 'फुकट' मशीनने छोट्या मशीनची किंमत खाल्लेली असते.

आम्ही दुसरा पर्याय घेतला.

आता आवाजाकडे येऊ. डेसिबलबद्दल दोनच गोष्टी लक्षात ठेवा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि चांगल्या झोपेसाठी शयनगृहात ३० डेसिबलच्या आसपास असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात म्हटलंय. म्हणजे रात्री ११ नंतर खोली इतकी शांत असते की दिवसा ऐकू न येणारा पंखा तेव्हा नक्की ऐकू येतो. त्यामुळे मशीनची परीक्षा दुकानात घेऊ नका. दुकानात रस्त्याचा गोंगाट असतो. घरी रात्री, पंखे बंद करून घ्या. परत करण्याची मुदत आहे का, हे त्यासाठीच आधी विचारायचं.

छोट्या मशीनबद्दल एक गैरसमज आहे की डबा छोटा म्हणजे आवाज छोटा. तसं नसतं. तेवढीच हवा ढकलायला छोट्या पंख्याला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि त्याचा आवाज बारीक, डासासारखा होतो. म्हणून पंखा कमी फिरेल असं बघायचं. वापरलेलं मशीन घेतलं तर पहिलं काम म्हणजे ते उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला. वाळून खडखडीत झालेली असते. दादाने हे एका संध्याकाळी केलं आणि फरक कानाने कळण्याइतका होता.

आवाजाचा दुसरा उगम म्हणजे हार्ड डिस्क. एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून ती पूर्ण गप्प. पण चार टेराबाइटची एसएसडी महाग पडते. तेव्हा सिस्टिम छोट्या एसएसडीवर आणि व्हिडिओ फिरणाऱ्या डिस्कवर ठेवा. ही डिस्क लाकडी कपाटावर ठेवली की लाकूड तिची गुणगुण मोठी करतं, तबल्यासारखं. खाली जुना माउसपॅड किंवा रबराचा तुकडा घाला. आणि वापर नसताना डिस्क थांबेल असं सेटिंग करा.

बिनपंख्याचे डबेही मिळतात, ज्यांचं धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. चांगले असतात. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. असा डबा टीव्हीखालच्या बंद ड्रॉवरमध्ये कोंडू नका. आणि माळ्यावर पण नको, तिथे सगळ्यात जास्त उकडतं.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र अंतर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत तेवढा नाही उतरत, पण मध्ये भिंत आली की काम झालं. आत्याकडे मशीन वरच्या मजल्यावर जिन्याच्या पॅसेजमध्ये, राउटरच्या शेजारी, उघड्या फळीवर आहे. आजींच्या खोलीत त्याचा आवाज शून्य. आणि वरचा मजलाच का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पाणी आलं तर ते खाली येतं.

वायरबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटर ते राउटर वायर हवीच, तिथे वाय-फाय नको. टीव्हीपर्यंत जमेल तिथे कॅट ६ केबल टाका. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि एचडीएमआयपेक्षा खूप स्वस्त पडते. एक गंमत सांगते. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं. १०८०पीला ते भरपूर आहे, पण मोठी ४के फाइल अडकत असेल तर त्या टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर टाकून बघा.

सॉफ्टवेअर म्हणून आम्ही जेलिफिन वापरतो. पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला हा प्रकल्प. प्लेक्स दिसायला जास्त गुळगुळीत आहे, पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी त्याचा पास विकत घ्यावा लागतो. जेलिफिनमध्ये ते फुकट आहे. त्याच्या डॅशबोर्डवर कोण काय बघतंय आणि ते डायरेक्ट जातंय की ट्रान्सकोड होतंय, हे दिसतं. पहिला आठवडा तिथे लक्ष ठेवा. ट्रान्सकोड दिसलं की कारण शोधा आणि ते काढून टाका. मशीन शांत ठेवण्याचं खरं काम ते आहे.

आणि लाईट जाते, हे धरूनच चाला. बायोसमध्ये 'वीज परत आली की चालू हो' असं एक सेटिंग असतं, ते लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या त्या क्षणभरात मशीन बंद पडतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा कॉम्प्युटर ओटीटीसाठी घेऊ नका. पीसीच्या ब्राउझरवर अनेक सेवा पूर्ण ४के देत नाहीत. त्यासाठी टीव्हीतलं अ‍ॅप किंवा स्टिकच बरी. हा डबा आपल्या स्वतःच्या गोष्टींसाठी. चोरलेले सिनेमे साठवायला पण नाही, तो विषय वेगळा आणि बेकायदेशीर आहे.

आता बिल. वापरलेलं मशीन, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट ११,५००. चार टेराबाइटची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ९,८००. जुन्या एलसीडीसाठी एक स्टिक ३,२००. गीगाबिट स्विच १,३००. केबल आणि किरकोळ १,२००. एकूण २७,०००. भाव वरखाली होत राहतात, तेव्हा आकड्यापेक्षा यादी लक्षात ठेवा. चार टेराबाइट पुरतील का? फोनवरचा १०८०पी एचईव्हीसी व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी धरला तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे हजार तासांहून जास्त. एका कुटुंबाला पुष्कळ झाले.

आणि आता ती तिसरी अट. कॉम्प्युटरवर ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. हार्ड डिस्क ही यंत्राची वस्तू आहे, ती कधीतरी जाणारच. नियम असा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, आणि एक प्रत घराबाहेर. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील, त्यांचा बॅकअप नका घेऊ. घरचे व्हिडिओ आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. ते सहसा एका छोट्या पोर्टेबल डिस्कवर मावतात. दादाकडे अशी एक पडून होती, म्हणून ती वरच्या बिलात नाही. आजोबांची चार मिनिटं आता सर्व्हरच्या डिस्कवर आहेत, आतल्या एसएसडीवर आहेत आणि त्या पोर्टेबल डिस्कवर माझ्याकडे पुण्यात आहेत. दर दिवाळीला सांगलीला जाताना मी ती डिस्क नेते, नवीन भर घालते आणि परत आणते. क्लाउड परवडत असेल तर तोही चालेल. पण घराबाहेर एक प्रत पाहिजेच, विशेषतः तुमचं घर नदीकाठी असेल तर.

तर मंडळी, दुकानात जाण्याआधी फोनच्या नोट्समध्ये पाच ओळी लिहा. टीव्ही किती आणि त्यातले स्मार्ट किती? एका वेळी जास्तीत जास्त किती चालू असतात? राउटर कुठे आहे आणि त्याच्याजवळ हवेशीर जागा आहे का? रात्री कोण कुठे झोपतं? आणि कुठल्या फाइली गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत? या पाच उत्तरांत तुमचं मशीन आहे. दुकानदाराने यापेक्षा मोठं काही दाखवलं, तर त्याला एकच विचारा, "हे नेमकं कुठल्या कामासाठी?"

तुमच्या घरची मांडणी मला मेसेजमध्ये कळवा. पुढच्या भागात जुन्या व्हीएचएस आणि मिनी-डीव्ही कॅसेट घरच्या घरी डिजिटल कशा करायच्या, ते बघू. तोपर्यंत कपाटातल्या, माळ्यावरच्या कॅसेट आधी कोरड्या जागी आणि उंचावर हलवा. भेटूच!